गुन्ह्याचा पत्ता: बर्लिन

बर्लिनमध्ये नाझी राजवटीचा इतिहास दाखवणाऱ्या पायी सफरी वर्षभर निघतात. ब्रँडेनबुर्ग गेटजवळ किंवा एखाद्या मेट्रो स्थानकाच्या तोंडाशी दहा-पंधरा माणसं जमतात, मार्गदर्शक आपली ओळख करून देतो आणि पुढचे तीन-साडेतीन तास सगळे मिळून चार-पाच किलोमीटर चालतात. वाटेत लागतं ते एवढंच: मोटारी लावायची एक जागा, अर्थमंत्रालयाची करडी लांबलचक इमारत, करड्या खडीचं एक मोकळं मैदान, बागेच्या कडेला निळ्या काचेची भिंत, फुटपाथमध्ये बसवलेले पितळेचे छोटे चौकोन. रायगड किंवा हंपी मनात ठेवून आलेल्या माणसाला पहिल्या तासात वाटतं, इथे पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही. आधी दोस्तांचे बॉम्ब, मग रशियन तोफा आणि त्यानंतर दोन्ही जर्मनींचे बुलडोझर, यांतून जे वाचलं ते फार थोडं आहे.

तरीही हा इतिहास पायीच पाहावा असं मला वाटतं, आणि या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. मराठी वाचकाला नाझी जर्मनी अनोळखी नाही. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी वाचनालयांतून रांगा लावून वाचलं. म्युनिकचा फसलेला उठाव, स्टालिनग्राड, गोबेल्सची भाषणं आपल्याला तोंडपाठ असतात. पण आपल्या मनात हे सगळं एका माणसाचं चरित्र होऊन बसलं आहे. एक भस्मासुर उठला, त्याने जग जाळलं, शेवटी तोही जळाला. बर्लिनच्या रस्त्यांवरून चालताना हे चित्र टिकत नाही. तिथे कळतं की हे काम हजारो पगारी माणसांनी ठरलेल्या पत्त्यांवर बसून, कचेरीच्या वेळेत केलं, आणि हे पत्ते एकमेकांपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते.

म्हणून सुरुवात विल्हेल्मश्ट्रासेपासून करावी. या रस्त्यावर प्रशियाच्या काळापासून मंत्रालयं होती. 1933नंतर तीच राहिली, बरेचसे अधिकारीही तेच राहिले. गोअरिंगच्या हवाई मंत्रालयासाठी एर्न्स्ट झागेबील या वास्तुविशारदाने 1935-36मध्ये उभारलेली इमारत बॉम्बवर्षावातूनही जवळपास धड राहिली. आज तिथे जर्मनीचं अर्थमंत्रालय आहे. तिच्या शेजारच्या आडव्या रस्त्याचं त्या काळचं नाव प्रिन्त्स-आल्ब्रेख्त-श्ट्रासे. तिथे आठ नंबरच्या इमारतीत पूर्वी कलाशिक्षणाची शाळा होती. 1933 साली गेस्टापो या गुप्त पोलीस दलाचं मुख्यालय तिथे आलं. शिल्पकारांच्या कार्यशाळा जिथे होत्या, त्या भागात कोठड्या बांधल्या गेल्या. शेजारच्या हॉटेलात एसएसच्या नेतृत्वाचं कार्यालय आणि मागच्या बाजूला विल्हेल्मश्ट्रासेवरच्या राजवाड्यात एसएसचा वरिष्ठ अधिकारी हायड्रिख याची गुप्तचर शाखा. म्हणजे छळ, पाळत आणि पुढे सगळ्या युरोपातल्या ज्यूंच्या हत्येचं नियोजन ज्या यंत्रणेने केलं, तिची मुख्य कार्यालयं एका चौकोनात मावत होती.

युद्धानंतर या जागेचं जे झालं, ते मला इमारतींच्या इतिहासाइतकंच महत्त्वाचं वाटतं. अवशेष पाडले गेले. जागा पश्चिम बर्लिनच्या अगदी कडेला, पुढे भिंतीला लागूनच आली. तिथे राडारोडा साठवला जाऊ लागला, आणि एका भागात परवाना नसलेल्यांना गाडी चालवायचा सराव करण्यासाठी मैदान निघालं. वर्षानुवर्षं लोक तिथे क्लच आणि ब्रेक शिकले. 1985च्या मे महिन्यात काही नागरिक फावडी घेऊन आले आणि जाहीरपणे तिथे खणू लागले. शहराने ही जागा विसरू नये अशी त्यांची मागणी होती. तळघरांच्या भिंती लागल्या. 1987मध्ये, बर्लिनच्या साडेसातशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने, तिथे तात्पुरतं प्रदर्शन मांडलं गेलं. ते तात्पुरतं प्रदर्शन कुणाला हलवता आलं नाही, आणि 2010मध्ये ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’ हे आजचं दस्तऐवज केंद्र उभं राहिलं. प्रवेश विनामूल्य आहे.

जर्मनीने आपल्या भूतकाळाला तोंड दिलं असं आपण कौतुकाने म्हणतो. ते कौतुक रास्त आहे, पण या देशाने ते आपणहून आणि लगेच केलं नाही. वानझे तलावाकाठच्या बंगल्याची गोष्ट घ्या. 20 जानेवारी 1942ला तिथे पंधरा अधिकारी जमले आणि सुमारे दीड तासात युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची खातेनिहाय वाटणी ठरली. या बैठकीच्या इतिवृत्ताची एक प्रत उरली. तीत देशवार आकडे आहेत, बेरीज एक कोटी दहा लाखांच्या वर. युद्धानंतर हा बंगला शाळेच्या मुलांचं सहलनिवास झाला. आउशविट्झमधून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी साठच्या दशकात तिथे संशोधन केंद्र व्हावं म्हणून जीव तोडून प्रयत्न केले. त्यांना नकार मिळाला. 1974 साली त्यांनी आत्महत्या केली. स्मारक उघडलं ते 1992मध्ये, बैठकीला पन्नास वर्षं झाल्यावर, आणि तिथल्या ग्रंथालयाला आता वुल्फ यांचं नाव आहे. बर्लिनमधल्या बहुतेक प्रत्येक स्मारकामागे असं कुणीतरी आहे, ज्याला आधी ‘कशाला उकरून काढता’ हे ऐकावं लागलं. चांगला मार्गदर्शक स्मारकाइतकीच त्या माणसाचीही गोष्ट सांगतो.

विल्हेल्मश्ट्रासेपासून जवळच प्रत्येक सफर हमखास थांबते ती जागा आहे. आजूबाजूला पूर्व जर्मनीच्या शेवटच्या वर्षांत बांधलेल्या सदनिका, मधे मोटारी लावायची जागा, कडेला एक माहितीफलक. या जमिनीखालच्या बंकरमध्ये 30 एप्रिल 1945ला हिटलरने आत्महत्या केली. भक्तांचं तीर्थ होऊ नये म्हणून कितीतरी वर्षं तिथे काहीच लावलं नव्हतं. 2006च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर फलक लागला. पर्यटक इथे सर्वांत जास्त प्रश्न विचारतात आणि इथे दाखवण्यासारखं सर्वांत कमी आहे. या पुस्तकात मी या जागेला एक परिच्छेद दिला आहे. त्याहून अधिक जागा शेजारच्या रस्त्याच्या नावाला दिली आहे: गेरट्रूड-कोलमार-श्ट्रासे. गेरट्रूड कोलमार ही बर्लिनची ज्यू कवयित्री. तिला शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात सक्तीने राबवलं गेलं, 1943च्या फेब्रुवारीअखेर तिथूनच पकडलं आणि मार्चच्या सुरुवातीला आउशविट्झला पाठवलं. ती परतली नाही. बंकरच्या जागेवर उभं राहून पत्ता शोधणाऱ्याला आज तिचं नाव वाचावं लागतं.

तिथून दोन मिनिटांवर पीटर आयझेनमनने रचलेलं, 2005मध्ये खुलं झालेलं युरोपातल्या हत्या झालेल्या ज्यूंचं स्मारक आहे, 2,711 काँक्रीटचे ठोकळे. त्याच्याविषयी इतकं लिहिलं गेलं आहे की मी भर घालत नाही. फक्त ठोकळ्यांवर चढून फोटो काढू नका, आणि खालच्या माहिती केंद्रात गेल्याशिवाय परतू नका.

निळ्या काचेच्या भिंतीपाशी मात्र थांबायला हवं. अनेक सफरी तिथवर जात नाहीत, कारण ती मुख्य वाटेपासून पंधरा-वीस मिनिटं लांब आहे. आजच्या फिलहार्मनी या संगीतगृहाजवळ पूर्वी एक हवेली होती, टिअरगार्टनश्ट्रासे चार. या पत्त्यावरून मनोरुग्ण आणि अपंग माणसांच्या हत्येचा कारभार चालला, आणि पत्त्यावरूनच त्याला ‘टी4’ हे नाव पडलं. देशभरच्या रुग्णालयांनी प्रत्येक रुग्णाचा एक तक्ता भरून इथे पाठवायचा. नेमलेले डॉक्टर तो तक्ता वाचून खूण करत: लाल अधिकचिन्ह म्हणजे मृत्यू, निळं वजाचिन्ह म्हणजे जीवन. त्यांनी रुग्ण पाहिलेला नसायचा. हिटलरने दिलेल्या अधिकारपत्रावर मुद्दाम युद्धाच्या पहिल्या दिवसाची, 1 सप्टेंबर 1939ची, मागची तारीख टाकली होती. 1941च्या ऑगस्टपर्यंत सहा केंद्रांत 70,000हून अधिक माणसं विषारी वायूने मारली गेली. त्यानंतर बिशप फॉन गालेन यांच्या प्रवचनामुळे आणि लोकांतल्या कुजबुजीमुळे हा कार्यक्रम अधिकृतपणे थांबला; रुग्णालयांतून उपासमार आणि इंजेक्शनं यांनी तो पुढे चालूच राहिला. वायूचं तंत्र शिकलेले कर्मचारी पोलंडमधल्या बेल्झेक, सोबिबोर आणि त्रेब्लिंका इथल्या छावण्यांवर गेले. ही साखळी समजली नाही तर आउशविट्झ आकाशातून पडल्यासारखं वाटत राहतं. इथलं स्मारक व्हायला 2014 साल उजाडलं. या माणसांच्या नातेवाइकांनाही कित्येक वर्षं त्यांची नावं घ्यायची लाज वाटत होती.

शहराच्या दक्षिणेकडे शोनेबर्ग भागात ‘बायरिशेस फिअर्टेल’ नावाची सुखवस्तू वस्ती आहे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक इथे राहत, आइन्स्टाइनही राहत होते. इथे मार्गदर्शकाने कमी बोलावं. 1993मध्ये रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांनी इथल्या दिव्याच्या खांबांवर ऐंशी पाट्या लावल्या. एका बाजूला साधं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला ज्यूंवर लादलेला एक नियम आणि त्याची तारीख. पावाचं चित्र: बर्लिनमधल्या ज्यूंनी खाद्यपदार्थ फक्त दुपारी चार ते पाच या वेळात विकत घ्यावेत, 1940. मांजराचं चित्र: ज्यूंनी घरात प्राणी पाळू नयेत, 1942. गायनमंडळातून काढणं, ठरावीक बाकांवरच बसणं, अंडी न मिळणं, दूध न मिळणं, सार्वजनिक टेलिफोन बंद, बस आणि ट्राम बंद. 1941च्या ऑक्टोबरमधला नियम सांगतो की ज्यूंना देश सोडायला मनाई आहे. पाट्या लागल्या तेव्हा खालून जाणाऱ्या रहिवाशांना त्या नवनाझींनी लावल्या असं वाटलं आणि त्यांनी पोलिसांना कळवलं. मग प्रत्येक पाटीखाली हे स्मारक असल्याची छोटी सूचना जोडावी लागली.

ही सफर माणसाला आतून हलवते ती नियमांच्या छोटेपणामुळे. अंड्यांवर आणि मांजरांवर बंदी घालायला कुणीतरी टेबलाशी बसून मसुदा लिहिला, कुणी टंकलिखित केला, कुणी वर्तमानपत्रात दिला, दुकानदारांनी तो पाळला. शेजाऱ्यांनी पाहिला. वस्तीतली माणसं हळूहळू बागेतून, दुकानातून, बसमधून दिसेनाशी झाली, आणि अखेर घरांतून. शोनेबर्गमधून 6,000हून अधिक ज्यू पाठवले गेले. ही वस्ती एकट्यानेही फिरता येते, पण सोबत कुणी हवं. एकेक पाटी एकाने मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने ऐकावी.

घरातून निघण्याआधी प्रत्येक कुटुंबाला सोळा पानांचा मालमत्तेचा फॉर्म भरावा लागे. खुर्च्या किती, चादरी किती, सूप वाढायच्या पळ्या किती. किल्ल्या जमा करायच्या. नंतर सरकारी कर विभाग सामान मोजून ताब्यात घेई आणि त्याचा लिलाव होई. बर्लिनकर तिथे स्वस्तात कपाटं आणि पलंगपोस घ्यायला जात. मार्गदर्शकाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असतो: सामान्य लोकांना हे माहीत होतं का? त्याचं एक उत्तर या लिलावांत आहे. वायुकक्षांचा तपशील बहुतेकांना ठाऊक नसेल, पण शेजारची माणसं कायमची गेली, हे त्यांची खुर्ची विकत घेणाऱ्याला ठाऊक होतं.

18 ऑक्टोबर 1941ला हजाराहून अधिक ज्यूंना लेव्हेट्सोव्हश्ट्रासेवरच्या सिनेगॉगमधून ग्रूनेवाल्ड स्थानकापर्यंत रस्त्याने चालवत नेलं गेलं. बर्लिनमधून पूर्वेला गेलेली ती पहिली गाडी, लोड्झला. ग्रूनेवाल्ड हा तेव्हाही आणि आजही झाडीतल्या बंगल्यांचा श्रीमंत भाग. रेल्वेने या प्रवासाचं भाडं आकारलं, तिसऱ्या वर्गाचं, एकेरी; मुलांना अर्धं. मोठ्या गटाला सवलत. ‘फलाट 17’ या नावाने ओळखलं जाणारं स्मारक 1998मध्ये जर्मन रेल्वेने तिथे केलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या 186 पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या, कुठून कुठे. हजारच्या संख्येने सुरुवात होते. 1945च्या वसंतात, रशियन फौजा शहराच्या दाराशी असताना, पट्टीवरची संख्या दोन आकडी होते. राजवट कोसळत होती, तरी अठरा माणसांसाठी गाडीची सोय केली जात होती. एस-7 ही लोकल आजही याच स्थानकात थांबते, शहराच्या मध्यापासून पाऊण तासही लागत नाही. मार्गदर्शक नसला तरी इथे जा.

या सगळ्यात कुणी काहीच केलं नाही असं समजून कोणी परतू नये. 27 फेब्रुवारी 1943ला कारखान्यांत राबणाऱ्या उरल्यासुरल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली. ज्यांच्या बायका ज्यू नव्हत्या असे सुमारे दोन हजार पुरुष रोझेनश्ट्रासेवरच्या एका इमारतीत कोंडले गेले. बायका रस्त्यावर जमल्या. आमचे नवरे परत द्या, असं ओरडत राहिल्या. हटवलं की पांगायच्या, पुन्हा यायच्या. थंडीत हे काही दिवस चाललं, आणि पुढच्या काही दिवसांत जवळपास सगळे सोडले गेले. आउशविट्झला गेलेल्या पंचवीसजणांनाही परत आणलं गेलं. गेस्टापोचा या पुरुषांना पाठवायचा बेत मुळात होता की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहे. मार्गदर्शकाने तो वादही सांगावा. त्या बायकांना मात्र रस्त्यावर उभं राहताना गेस्टापोचा बेत ठाऊक नव्हता. बंदुकांसमोर उभं राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला, एवढं वादापलीकडचं आहे.

तिथून चालत गेलं की हाकेशर मार्क्टजवळच्या एका अंगणात ऑटो वाइट यांची कार्यशाळा लागते. जवळपास अंध झालेल्या या माणसाने अंध आणि मूकबधिर ज्यू कामगारांना घेऊन झाडू आणि ब्रश बनवले. लष्कराला माल पुरवत असल्याने कामगार ‘आवश्यक’ आहेत असं तो गेस्टापोला पटवत राहिला, लाच देत राहिला, आणि शेवटच्या खोलीच्या दारापुढे कपाट लावून एका कुटुंबाला आत लपवलं. ते कुटुंब पुढे पकडलं गेलं. खिडकी नसलेली ती खोली आज पाहता येते. बर्लिनमध्ये सुमारे सात हजार ज्यू भूमिगत झाले. त्यांतले सुमारे 1,700 वाचले. प्रत्येकामागे भाकरी, कूपनं, एक रात्रीचा आसरा देणारी कितीतरी माणसं होती.

1945च्या बर्लिनबद्दलही बोललं पाहिजे. बॉम्बवर्षावात घरंच्या घरं जळाली. शहर पडल्यावर रशियन सैनिकांनी बायकांवर मोठ्या प्रमाणात बलात्कार केले आणि त्या बायकांना दशकानुदशकं बोलता आलं नाही. काही मार्गदर्शक हा भाग टाळतात, काही तो अशा तऱ्हेने सांगतात की हिशेब फिटल्यासारखं वाटावं. दोन्ही चूक आहे. एका यातनेने दुसरी फिटत नाही आणि तारखांचा क्रमही विसरता येत नाही.

आता दोन भारतीय पाऊलखुणा. सुभाषचंद्र बोस 1941च्या एप्रिलमध्ये बर्लिनला पोचले आणि फेब्रुवारी 1943मध्ये पाणबुडीने गेले. टिअरगार्टनलगत त्यांचं आझाद हिंद केंद्र होतं. पहिल्या गाड्या ग्रूनेवाल्डहून सुटल्या त्याच शरदात हे केंद्र सुरू झालं. त्यांची दिशा ब्रिटिश साम्राज्य उलथण्याची होती आणि त्यासाठी त्यांनी या शहराचा दरवाजा ठोठावला. त्यांच्याविषयीचा आपला आदर कायम ठेवूनही ही एककालिकता पाहावी लागते.

दुसरी खूण मराठी वाचकाला अधिक जवळची, आणि कोणत्याही नेहमीच्या सफरीत ती येत नाही. दालेम भागात ईनेश्ट्रासे 22 या पत्त्यावर काइझर विल्हेल्म मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था होती. 1928 साली इरावती कर्वे तिथे संशोधनासाठी आल्या. मार्गदर्शक होते संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर. जर्मनीच्या जुन्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या कवट्याही तिथे होत्या. युरोपीय कवटीची असमानता वेगळी, आणि तिचा संबंध बुद्धीच्या श्रेष्ठतेशी, अशी फिशर यांची अटकळ होती. पंचविशीही न गाठलेल्या इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक दिसत नाही असं लिहिलं. मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष घेऊन त्यांनी 1930मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे ‘युगान्त’मध्ये जी ताठ, पुराव्याला धरून चालणारी नजर दिसते, ती मला या प्रबंधातही दिसते. माणसं मोजण्याची ती पद्धत मात्र त्यांनी भारतात पुढेही वापरली, हेही नोंदवायला हवं.

त्या परतल्यानंतर तीन वर्षांनी त्याच संस्थेने नव्या राजवटीची चाकरी पत्करली. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एसएसच्या डॉक्टरांना इथे प्रशिक्षण मिळालं, कोण ज्यू आणि कोण नाही याची प्रमाणपत्रं इथल्या तज्ज्ञांनी लिहिली. 1937मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या, आफ्रिकी सैनिक आणि जर्मन आई यांच्या मुलांची सक्तीने नसबंदी झाली, तिलाही इथल्या शास्त्रज्ञांच्या अहवालांचा आधार होता. फिशर यांच्यानंतरचे संचालक फेरशूअर यांचा जुना साहाय्यक योझेफ मेंगेले आउशविट्झहून इथे रक्ताचे नमुने आणि मृतांचे अवयव पाठवत असे. 2014 साली शेजारी रस्त्याचं काम चालू असताना हाडं सापडली. नंतरच्या उत्खननात सुमारे 16,000 तुकडे निघाले, किमान 54 माणसांचे. ती हाडं कोणत्या वंशाच्या माणसांची हे तपासायचं नाही, असं पीडित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरवण्यात आलं. या माणसांना पुन्हा एकदा मोजायचं नव्हतं. 2023च्या मार्चमध्ये दालेमच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. आज त्या इमारतीत विद्यापीठाचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. दाराशी फलक आहे.

मार्गदर्शक निवडताना काळजी घ्या. बर्लिनमध्ये रस्त्यावर सफर द्यायला परवाना लागत नाही, कुणीही देऊ शकतो. झाक्सेनहाउझेन छावणीच्या स्मारकात मात्र अधिकृत मान्यता लागते. ज्या सफरीच्या जाहिरातीत हिटलरचा चेहरा सर्वांत मोठा, ती टाळलेली बरी. जो मार्गदर्शक कागद दाखवतो, प्रश्नाला ‘या मुद्द्यावर मतभेद आहेत’ असं सांगू शकतो आणि मेलेल्यांची नावं घेतो, त्याच्यासोबत चाला. गमतीतही नाझी सलाम करू नका. जर्मनीत तो गुन्हा आहे. 2017 साली राइशस्टागसमोर तसा फोटो काढणाऱ्या दोन पर्यटकांना अटक झाली होती.

हे सांगावं लागतं त्याचं कारण आपल्या घरात आहे. आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर मिळतं, मराठी भाषांतरातही. ‘देशाला एक हिटलरच पाहिजे’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या, प्रेमळ माणसांकडून ऐकलं आहे. त्यांना शिस्त हवी असते, वेळेवर गाड्या हव्या असतात. ग्रूनेवाल्डहून गाड्या वेळेवरच सुटत होत्या.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक सफरीचा नकाशा, अंतर आणि लागणारा वेळ दिला आहे. मुलं बारा-तेरा वर्षांची असतील तर त्यांनाही न्या. बायरिशेस फिअर्टेलच्या पाट्या त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतात. फुटपाथवरचे पितळी चौकोन दिसले की थांबा. गुंटर डेम्निग या कलावंताने सुरू केलेले असे 1,00,000हून अधिक चौकोन आता युरोपभर आहेत, प्रत्येक दहा सेंटिमीटरचा, त्या माणसाने स्वतः निवडलेल्या शेवटच्या घरापुढे. त्यावर नाव, जन्मवर्ष, नेल्याची तारीख आणि शेवट लिहिलेला असतो. वाचण्यासाठी वाकावं लागतं. वाका, आणि नाव मोठ्याने वाचा. आणि परत आल्यावर कुणी बंकर पाहिलात का म्हणून विचारलं, तर त्याला ईनेश्ट्रासे 22बद्दल सांगा.